कितली भाकर दुखस?

जळगावला मी केळी खायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून जो भेटतो तो केळ्यांचंच विचारतो. केळी खाल्ली, भरीतही खाल्लं, शेवभाजीने एकदा डोळ्यांतून पाणी काढलं, ते सगळं येईलच. पण मी गेले होते लहान मुलांचं दुखणं मोजायला.

मी मिरजेची. पंधरा वर्षं वॉर्डात ड्युटी केली आणि आता नर्सिंग कॉलेजात शिकवते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. ऑपरेशननंतर मुलांना किती दुखतं आणि ते आम्हा नर्सना ओळखता येतं का, हा माझा विषय. नवरा म्हणाला, "ऑपरेशन झालं म्हणजे दुखणारच की. त्यात संशोधन कसलं?" त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लांबलचक होतं.

ते उत्तर असं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी भाजलेल्या एका चिमुरडीचं ड्रेसिंग करताना मी तिचे दोन्ही हात दाबून धरले होते. तोंडाने चालू होतं, "काही नाही दुखत, बाळा, काही नाही." ती आधी ओरडली, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग गप्प झाली. मोठ्या सिस्टरांनी माझी पाठ थोपटली, मुलांना छान सांभाळतेस म्हणाल्या. ती गप्प का झाली हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. सांगून काही उपयोग नाही, हे तिला समजलं होतं. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागलाय आणि मीही त्याला सोडणार नाही.

मिरजेतली माहिती गोळा झाली होती. गाईडबाई म्हणाल्या, "दुसऱ्या भागातलीही मुलं हवीत, नाहीतर हे मिरजेपुरतंच राहील." माझी एक विद्यार्थिनी, ज्योती, लग्न होऊन जळगावला गेली होती आणि तिथल्या एका रुग्णालयात नोकरी करत होती. तिच्या खटपटीने जळगाव आणि धुळे अशा दोन ठिकाणी परवानगी मिळाली. रुग्णालयांची नावं सांगणार नाही आणि मुलांची नावं बदलली आहेत. तसा शब्द देऊनच आत गेले होते.

जळगाव

खानदेश म्हणजे ऊन, अशी माझी पक्की समजूत. म्हणून डिसेंबरात स्वेटर न घेता गेले आणि भल्या सकाळी स्टेशनावर दातावर दात वाजवत उभी राहिले. ज्योती माझी वाट बघत होती. एका हातात शाल, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. "मॅडम, मला ठाऊक होतं तुम्ही तशाच येणार," ती म्हणाली. कॉलेजात असताना ही मुलगी माझ्यासमोर मान वर करत नसे.

मोजायचं साधन माझ्याकडे होतं. एक जाड, प्लास्टिक चढवलेलं कार्ड, त्यावर ओळीने पाच चेहरे. पहिला हसरा, म्हणजे अजिबात दुखत नाही. मग एकेक करत उदास होत गेलेले, आणि पाचवा ढसाढसा रडणारा. मुलाने बोट ठेवायचं आणि मी फॉर्मवर शून्यापासून चारपर्यंतचा आकडा लिहायचा. मिरजेत याच कार्डावर माझी सगळी मदार होती.

पहिला होता हर्नियाचं ऑपरेशन झालेला पाच वर्षांचा मुलगा. हसऱ्या चेहऱ्यावर बोट. दुसरी टॉन्सिलवाली, हसरा चेहरा. तिसऱ्याचं हाताचं हाड बसवलं होतं, त्यानेही हसराच निवडला, वर "हा मी घरी नेऊ का?" असं विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना वाटत होतं की मी आवडीचं चित्र निवडायला सांगतेय. रडका चेहरा कोण कशाला निवडेल?

मी स्वतःवर चिडले आणि समजावण्याची पद्धत बदलली. "तुला आवडतो तो नको. तुझ्या पोटात आत्ता जसं वाटतंय तसा दाखव," असं हळूहळू, दोनदा, तीनदा सांगू लागले. मुलं नीट ऐकायची, मान हलवायची आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. एक मुलगी एका हाताने हसरा चेहरा दाखवत होती आणि दुसऱ्या हाताने पलंगाची दांडी इतकी घट्ट धरून होती की बोटं पांढरी पडली होती. मी तिचंही शून्यच लिहिलं. मूल स्वतः सांगेल तेच खरं, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही, हा आमच्या विषयातला पहिला नियम. मी तो दर वर्षी फळ्यावर लिहिते.

"आमच्याकडची मुलं काटक असतात, मॅडम," ज्योती म्हणाली. मला ते पटलं नाही. पण तीन दिवस शून्यामागून शून्य लिहिल्यावर मीही जरा डगमगले, हे कबूल करायला हवं.

शेवटच्या संध्याकाळी ज्योतीच्या घरी भरीत होतं. वांगी हिरवट पांढरी आणि लांबलचक, तान्ह्या पोराएवढी. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ती भाजली, लाकडी भांड्यात मिरचीबरोबर कुटली आणि वरून कांद्याची पात. आमच्याकडे भरीत म्हणजे ताटाच्या कडेला घेतलेला चमचाभर ऐवज. इथे तेच जेवण. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेली, खरपूस. ज्योतीच्या सासूबाई माझ्या ताटावर नजर ठेवून बसल्या होत्या. मी हात आखडला की लगेच, "चतकोर तरी घ्या." चतकोर संपली की, "अर्धी वाढते." मी म्हटलं, "आता नितकोरसुद्धा जाणार नाही." आमच्या मिरजेतही भाकरी अशीच मोजतात, त्यामुळे त्यात मला काही विशेष वाटलं नाही. ठेच्याने मात्र उचकी लागली ती झोपेपर्यंत गेली नाही.

धुळे

बस एरंडोल आणि पारोळ्यावरून गेली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी. धुळ्याचे रस्ते बघून मिरजेच्या माणसाला हेवा वाटतो, फूटपट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ. आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात शेवभाजी मागवली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझा लाल चेहरा बघून वेटरला म्हणाले, "बाईंना दही दे रे." बिल देताना त्यांनी मी कुठली ते विचारलं आणि मिरज ऐकल्यावर म्हणाले, "मग तुमच्याकडचा तांबडा रस्सा काय गोड असतो का?" 

इथल्या वॉर्डाच्या प्रमुख वंदना सिस्टर. शिस्तीच्या, पण मोकळ्या मनाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सगळं दाखवलं. ऑपरेशननंतर दुखण्यावरचं औषध केसपेपरवर 'लागल्यास' असं लिहिलेलं असे. म्हणजे मूल दुखतंय म्हणालं तर द्यायचं, नाहीतर नाही. आणि ते औषध म्हणजे मांडीत किंवा कमरेत इंजेक्शन. बहुतेक ठिकाणी असंच चालतं, आम्हीही वर्षानुवर्षं असंच केलंय.

खिडकीजवळच्या पलंगावर रोशनी होती. नऊ वर्षांची, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. अपेंडिक्स पोटात फुटलं होतं, आदल्या दिवशी पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. वडील सुरतेला कारखान्यात आणि आई ओली बाळंतीण, त्यामुळे सोबत आईचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि नातीचं कौतुक ओसंडून जाणारं. गावाकडून जीप भरून माणसं भेटायला यायची. आमच्याकडे दोघंतिघं येतात, इथे अर्धी गल्ली येते. प्रत्येकजण रोशनीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि आबा प्रत्येकाला त्यांच्या अहिराणीत सांगायचे, "आमनी पोर वाघीन शे. एक डाव बी रडनी नही."

मी कार्ड पुढे धरलं. रोशनीने कार्डाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"अजिबात दुखत नाही?"

"नही दुखस," ती म्हणाली. ओठ जेमतेम हलले.

मी शून्य लिहिलं. वंदना सिस्टर म्हणाल्या, "या फॉर्मची एक प्रत केसपेपरला लावू का? डॉक्टरांना बरं पडेल." मला कोण आनंद झाला! आपला अभ्यास पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येतोय असं वाटलं. मी स्वतः पिन लावून दिली.

दुसरा दिवस, राउंडची वेळ

सकाळी सर्जन राउंडला आले. माणूस भला होता, फक्त घाईत. रोशनीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. अंगात ताप होता, श्वास वरच्यावर, आणि आत कफ घरघरत होता.

"काल सांगितलं होतं ना, उठवून बसवा, खोकायला लावा?"

"उठतच नाही, सर," वंदना सिस्टर म्हणाल्या. "हात लावला की अंग ताठ करते."

डॉक्टरांनी केसपेपर उलटला. पिन लावलेला माझा फॉर्म वरच होता. "दुखणं तर शून्य आहे. मग उठायला काय झालं?"

आबा ओशाळले. "हट्टी शे, डाक्टरसाहेब."

"आबा, हा हट्ट चालायचा नाही. पोट फुटलेलं होतं तिचं. आता कफ छातीत साचला आणि न्यूमोनिया झाला तर गाठ आमच्याशी नाही, जिवाशी आहे. संध्याकाळपर्यंत खोकून कफ निघाला नाही तर मी तिला आयसीयूत हलवणार."

वंदना सिस्टर आणि आणखी एका नर्सने मिळून तिला उठवायचा प्रयत्न केला. ती ओरडली नाही की रडली नाही. डोळे मिटून घेतले आणि चादरीखाली तिच्या पायाची बोटं आत वळली, घट्ट. मी पायथ्याशी उभी होते. ती बोटं मी ओळखली. भाजलेल्या त्या चिमुरडीचीही अशीच वळली होती.

सगळे पुढच्या पलंगाकडे गेले. मी थांबले, पुन्हा कार्ड काढलं, पुन्हा विचारलं. रोशनीने पुन्हा हसरा चेहरा दाखवला. मला तिचाही राग आला आणि स्वतःचाही. शेजारच्या पलंगावरच्या मुलाचा फॉर्म भरायचा होता म्हणून मी पडद्याच्या पलीकडे जाऊन बसले.

तेवढ्यात चादर बदलायला कमलअक्का आल्या. या वॉर्डातल्या मावशी. पिंपळनेरकडच्या, बुटक्या, चटपटीत, पायात कायम रबरी चप्पल. रोशनीची आई सोबत नसल्यामुळे तिचं सगळं करणं अक्कांकडेच आलं होतं. चादरीचं टोक सोडवता सोडवता त्यांनी अगदी सहज विचारलं, पोहे खाणार का विचारावं तसं:

"कितली भाकर दुखस, माय?"

आणि रोशनीने उत्तर दिलं. "आख्खी."

"काल कितली व्हती?"

"काल बी आख्खी."

 जिने मला दोनदा हसरा चेहरा दाखवला होता, तीच मुलगी. पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? हेवा. सत्तावीस वर्षांची नोकरी, दोन पदव्या, परदेशी पद्धतीचं कार्ड, आणि मुलगी खरं सांगते ते चादर बदलणाऱ्या बाईला. मग मात्र हेवा गेला. माझं शून्य तिच्या केसपेपरवर होतं. मी स्वतः पिन लावली होती. त्या शून्यामुळे तिला कालपासून औषधाचा थेंब मिळाला नव्हता, तिला हट्टी ठरवलं गेलं होतं, आणि आता जिवावर बेतत होतं.

मी अक्कांना बाहेर चादरींच्या गाडीपाशी गाठलं.

"अक्का, ती मला नाही म्हणते आणि तुम्हाला सांगते. असं का?"

अक्कांनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "तुमना हातमा कागद शे, मॅडम. कागदवर काही लिखं का मांगून सुई येस. पोरेसले बठ्ठं समजस."

किती साधी गोष्ट! दुखतंय म्हटलं की सिस्टर लिहिते आणि लिहिलं की मांडीत सुई. दुखण्यावर उपाय म्हणून आणखी दुखणं. मुलांनी त्यातलं कमी दुखेल ते निवडलं होतं. जळगावातल्या सगळ्या मुलांनीही तेच केलं असणार.

"आणि हे भाकरीचं कुठून काढलंत?"

"काढाले काय? पोरेसले आकडा समजत नही. भाकर रोज खातस." मग त्या हसल्या. "पन ऑपरेशनना आगोदर नही इचारानं. उपाशी पोर आख्खीच सांगस."

"सिस्टरांना का नाही सांगितलंत कधी?"

त्यांनी चादरींचा गठ्ठा गाडीत टाकला. "मी फरशीले पोतारा करस, मॅडम. भाकर कोन लिखी कागदवर?"

डॉक्टरांच्या खोलीत

डॉक्टर चहा पीत होते. मी बसले नाही.

"सर, रोशनीला दुखण्याचं औषध सुरू करा. इंजेक्शन नको, सलाईनमधून. आणि लागल्यास नको, घड्याळ लावून."

"मॅडम, तुमच्याच फॉर्मवर शून्य आहे."

"तो फॉर्म चुकलाय. मी चुकवलाय."

"बरं. मग खरा आकडा काय?"

"आख्खी भाकर."

ते हसले. हसण्यासारखंच होतं, पण मी हसले नाही. म्हटलं, "हसा, सर. पण चहा झाला की माझ्याबरोबर दोन मिनिटं चला आणि तिच्या पायांच्या बोटांकडे बघा. नंतर नाही म्हणालात तर मी संध्याकाळची बस पकडते." बस पकडणार नव्हते. दाराशी ठाण मांडून बसले असते.

ते आले. कप अर्धाच ठेवून आले, हे मी विसरणार नाही. अक्कांनी रोशनीच्या पाठीखाली हात घालून तिला जरासं उचललं. बोटं वळली. डॉक्टरांनी चादर बाजूला करून पाहिलं आणि केसपेपर मागितला. माझ्या फॉर्मवर मी त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली आणि सही केली.

आता रोशनीला पटवायचं होतं. मी फॉर्म, कार्ड आणि पेन पिशवीत टाकून पिशवी आबांकडे दिली आणि रिकाम्या हातांनी तिच्यापाशी बसले.

"रोशनी, तुझ्या हाताला ही नळी आहे ना, तिच्यातून औषध जाणार. नवी सुई टोचायची नाही. मांडीत नाही, कमरेत नाही."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही आणि बरोबरच केलं. तिने अक्कांकडे पाहिलं. "सुई नही ना टोचशात?"

"नही, माय. नळीमाईन जाई."

मग वाट बघणं. आबांना कळेना काय चाललंय. मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूक आधी सांगितली. ते टोपी काढून हातात धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मीच सांगं तिले. रडू नको म्हनीसन. वाघीन शे म्हनीसन." आणि तो एवढा मोठा माणूस उपरण्यात तोंड घालून रडू लागला. "मनी चुकी झायी, मॅडम." मी म्हटलं, "आबा, तुमची अर्धी, माझी आख्खी."

थोड्या वेळाने अक्कांनी विचारलं. "पाऊन." आणखी थोड्या वेळाने, "अर्धी." 'अर्धी'ला मी उठले. एक जाड उशी घेऊन रोशनीच्या पोटावर ठेवली, तिचे हात त्यावर घट्ट धरायला लावले. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून हे करतात. वंदना सिस्टरांनी पाठीला आधार दिला आणि रोशनी बसली. तिचं तिलाच नवल वाटलेलं दिसलं.

"आता उशी दाबून खोक. जोरात."

पहिला खोकला बारीक आला. दुसरा बरा. तिसऱ्याला कफ सुटला, भरपूर, आणि अक्कांनी वाटी पुढे धरली. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाचा खोकला ऐकून इतकी खूश झाले नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली आणि आयसीयूचं नाव काढलं नाही.

पाचवा दिवस

पुढचे दोन दिवस मी झपाटल्यासारखं काम केलं. फॉर्म नजरेआड, हात रिकामे, आणि बोलायला अक्का बरोबर. आधी मुलाला सुई नाही हे सांगायचं, मग भाकर विचारायची, मग बाहेर येऊन लिहायचं. मीही अहिराणीत "दुखस का?" विचारून पाहिलं. माझे उच्चार ऐकून मुलं इतकी हसली की टाके दुखायला लागले आणि वंदना सिस्टरांनी मला तंबी दिली. एका मुलाने 'अर्धी' म्हटल्यावर गंभीरपणे विचारलं, "ठेचा शे का संगे?" मी त्याचं अर्धीच लिहिलं.

हे माप म्हणजे जादू आहे असं मी म्हणत नाही. गव्हाची पोळी खाणाऱ्या मुलांना ते चालेल का, अगदी लहानांना कळेल का, हे तपासायला हवं, आणि मी ते तपासणार आहे. मिरजेतल्या फॉर्मकडेही आता नव्याने बघावं लागेल. पण जळगावचे फॉर्म खोटे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गाईडबाईंना फोन केला.

"सगळे रद्द? अहो, सबमिशन पुढे जाईल तुमचं!"

"जाऊ दे."

"आणि कारण काय लिहाल?"

"जे झालं तेच. मूल खोटं बोललं कारण आम्ही खरं बोलायची शिक्षा ठेवली होती." त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, जळगावला परत जाताना स्वेटर घ्या. म्हणजे ज्योतीने त्यांनाही कळवलं होतं. प्रबंधात या मापासमोर कमलअक्कांचं नाव येणार हेही मी त्यांना सांगून टाकलं. नियमात बसत नसेल तर नियमाशी भांडेन.

निघायच्या सकाळी वॉर्डात गेले तेव्हा रोशनी दारापर्यंत चालत आली होती, एक हात आबांच्या हातात आणि एक पोटावर. तिला मऊ खायची परवानगी मिळाली होती, पण गावाहून कुणीतरी कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, अक्कांसाठी आणि माझ्यासाठी. आबांनी फडकं सोडलं. मी नेहमीसारखं विचारलं, "आज किती?"

रोशनीने एक भाकर उचलली, कडेचा अगदी नखाएवढा तुकडा मोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आते इतलीच उरनी."

तो तुकडा घेऊन मी उभी राहिले आणि मला एकदम भरून आलं. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, त्यात पिशवी होती. रोशनी खालून बघत होती.

"तुमले कितली दुखस?" तिने विचारलं.

इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारत आले, पण मला तो कुणी विचारला नव्हता. नाही, काही नाही, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. ड्रेसिंगच्या टेबलावर गप्प झालेली ती चिमुरडी आठवली आणि म्हणाले, "अर्धी."

रोशनीने मान डोलावली. मग जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "अक्काले सांगा. ती सुई देस नही."